‘द मास्टर’ (2012) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉल थॉमस अँडरसनचा ‘द मास्टर’ पाहून झाला की डोक्यात भुंगा लागतो. गोष्ट कळलेली असते, माणसं ओळखीची झालेली असतात, तरी काहीतरी हातातून निसटलंय असं वाटत राहतं. मग लोक प्रश्न विचारतात आणि ते बहुतेक वेळा तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. पुढे सिनेमाचा शेवटही सांगितला आहे, त्यामुळे अजून पाहिला नसेल तर पहिला प्रश्न तेवढा वाचा आणि बाकीचं पाहून झाल्यावर.

सिनेमा नेमका कशाबद्दल आहे?

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन नौदलातून बाहेर पडलेला फ्रेडी क्वेल नावाचा एक खलाशी आणि ‘द कॉज’ नावाचा पंथ चालवणारा लँकेस्टर डॉड, या दोघांच्या नात्याबद्दल. सिनेमा आला तेव्हा बातम्या अशा होत्या की अनेक जण एका पंथाचा पर्दाफाश बघायच्या तयारीने बसले आणि हिरमुसले. पंथाची भोंदूगिरी इथे दिसते, पण सिनेमा तिच्या मागे लागत नाही. त्याचं लक्ष आहे दोन पुरुषांकडे, ज्यांना एकमेकांवाचून करमत नाही आणि जे एकमेकांना बरंही करू शकत नाहीत. मी याला प्रेमकथाच म्हणेन. तशी धरून पाहिली की ‘हा प्रसंग इथे कशाला?’ असे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

युद्ध संपतं तेव्हा फ्रेडी पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर असतो. सुटका झाल्यावर तो एका मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांचे फोटो काढायचं काम धरतो आणि एका गिऱ्हाइकाशी विनाकारण मारामारी करून ते घालवतो. मग कॅलिफोर्नियात सलिनासजवळ कोबीच्या शेतावर मजुरी. तिथे त्याने बनवलेली दारू पिऊन एक म्हातारा मजूर निपचित पडतो, बाकीचे मजूर फ्रेडीच्या मागे लागतात आणि तो शेतातून पळत सुटतो. रात्री, नशेत, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर दिवे लागलेली एक बोट बघतो आणि तिच्यावर उडी मारतो. साल 1950. बोटीवर डॉडच्या मुलीचं लग्न आहे.

डॉड त्याला ठेवून घेतो. पनामा कालव्यातून बोट न्यूयॉर्कला जाते, तिथून मंडळी फिलाडेल्फियाला एका श्रीमंत शिष्येच्या घरी. डॉडला अटक होते, सुटतो. फ्रेडीवर ‘उपचार’ सुरू होतात. नंतर अ‍ॅरिझोनात फीनिक्स शहरी डॉडचं दुसरं पुस्तक प्रकाशित होतं आणि तिथल्या वाळवंटातून फ्रेडी मोटरसायकलवर बसून निघून जातो. काही काळाने इंग्लंडमध्ये दोघांची एक शेवटची भेट होते.

हा सायंटॉलॉजीवरचा सिनेमा आहे का?

डॉड हे पात्र सायंटॉलॉजी या अमेरिकन पंथाचा संस्थापक एल. रॉन हबर्ड याच्यावरून सुचलं, हे अँडरसनने स्वतः मान्य केलेलं आहे. पण सिनेमात सायंटॉलॉजीचं नाव कुठेही येत नाही आणि तो हबर्डचं चरित्रही नाही.

साम्यं मात्र भरपूर. हबर्ड विज्ञानकथा लिहायचा आणि युद्धात अमेरिकन नौदलात होता. त्याचं ‘डायनेटिक्स’ हे पुस्तक 1950 सालचं, म्हणजे सिनेमातल्या बोटीच्याच वर्षाचं. समोर माणूस बसवून त्याला जुन्या दुखऱ्या आठवणी पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या, या त्याच्या पद्धतीला ‘ऑडिटिंग’ म्हणतात. सिनेमात तिचं ‘प्रोसेसिंग’ झालं आहे. पूर्वजन्मांच्या आठवणी हबर्डच्या शिकवणीत आल्या तेव्हा त्याच्याच संस्थेतले लोक बिथरले होते. सिनेमात डॉडच्या दुसऱ्या पुस्तकात ‘आठवा’च्या जागी ‘कल्पना करा’ असं आलेलं असतं. लॉरा डर्नने केलेली निष्ठावान शिष्या त्याबद्दल अगदी अदबीने विचारते आणि डॉड तिच्यावर खेकसतो. 1951 मध्ये न्यू जर्सीच्या वैद्यकीय मंडळाने हबर्डच्या संस्थेवर परवान्याशिवाय वैद्यक शिकवल्याची तक्रार केली होती. हबर्डही पुढे फीनिक्सला गेला आणि नंतर इंग्लंडमध्ये ससेक्सला मोठा वाडा घेऊन राहिला. त्याचा थोरला मुलगा बापापासून फुटला आणि त्याच्याविरुद्ध बोलू लागला. सिनेमातला डॉडचा मुलगा वाल फ्रेडीला सरळ सांगतो की बाबा हे सगळं जाता जाता मनाने रचतात, तुला दिसत नाही का? शेवटच्या भेटीत डॉडची बायको म्हणते की हे करायचं तर अब्ज वर्षं करायचं, नाहीतर करूच नये. सायंटॉलॉजीच्या ‘सी ऑर्ग’ या आतल्या गटातले लोक खरोखरच अब्ज वर्षांच्या करारावर सही करतात.

ही यादी आणखी वाढवता येईल, पण तिच्यात फार गुंतू नये. फ्रेडी हबर्डच्या चरित्रात कुठेही नाही आणि सिनेमा त्याच्याशिवाय उभाच राहत नाही.

टॉम क्रूझने हा सिनेमा पाहिला का?

हो. क्रूझ सायंटॉलॉजीचा सगळ्यात प्रसिद्ध अनुयायी, आणि 1999 मध्ये त्याने अँडरसनच्या ‘मॅग्नोलिया’त काम केलेलं. अँडरसनने त्याला सिनेमा दाखवला होता आणि आमची मैत्री टिकून आहे, असंही नंतर सांगितलं.

मग फ्रेडी कुठून आला?

तीन-चार ठिकाणांहून. ‘मॅग्नोलिया’च्या सेटवर ज्येष्ठ नट जेसन रोबार्ड्स अँडरसनला आपले नौदलातले किस्से सांगायचे, टॉर्पेडोतलं अल्कोहोल काढून पिण्याची गोष्ट त्यातली. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेकच्या आयुष्यातलेही काही तुकडे आहेत, आणि सलिनास तर त्याचंच गाव. आपल्याच जुन्या पटकथेच्या खर्ड्यांतून उरलेलं काही सामानही अँडरसनने यात वापरलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जॉन ह्यूस्टनचा ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट. युद्धातून मनाने मोडून आलेल्या सैनिकांवर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या लष्करी इस्पितळात कसे उपचार होत, ते ह्यूस्टनने प्रत्यक्ष चित्रित केलं होतं. काम लष्करानेच दिलेलं, आणि फिल्म तयार झाल्यावर लष्करानेच ती तीस वर्षांहून जास्त काळ दाबून ठेवली. त्यात एक सैनिक प्रेयसीबद्दल बोलता बोलता रडू लागतो आणि त्या रडण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ असा डॉक्टरी शब्द वापरतो. ‘द मास्टर’च्या सुरुवातीला फ्रेडी डॉक्टरसमोर हेच सांगतो: एका मुलीचं पत्र आलं आणि रडू फुटलं, तुमच्या धंद्यात याला नॉस्टॅल्जिया म्हणतात म्हणे. त्या सुरुवातीच्या प्रसंगांमध्ये जो खरेपणा जाणवतो तो इथून आलेला आहे.

फ्रेडीला झालंय काय? हा युद्धाचा धक्का आहे का?

आज आपण ज्याला पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक त्रास) म्हणतो ते निदान अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत 1980 मध्ये आलं. फ्रेडीच्या काळात ‘लढाईचा थकवा’ म्हणायचे, चार गोळ्या आणि चार शब्द देऊन घरी पाठवायचे. सिनेमात एक अधिकारी खोलीभर खलाशांना सांगतो की बाहेरच्या लोकांना तुमचं दुखणं कळणार नाही, पण तुम्ही पेट्रोल पंप टाकू शकता, किराणा मालाचं दुकान काढू शकता, थोडी जमीन घेऊन कोंबड्या पाळू शकता. अधिकारी अगदी मनापासून बोलतो, आणि समोर बसलेल्यांचे चेहरे बघवत नाहीत.

तरी सगळा दोष युद्धावर टाकून सिनेमा मोकळा होत नाही. फ्रेडीचा बाप दारूने गेला, आई वेड्यांच्या इस्पितळात आहे, आत्याबरोबरचे संबंध तो स्वतः कबूल करतो. युद्धाआधीच हा मुलगा तडकलेला होता. लढाईचा तर एकही प्रसंग दाखवलेला नाही. गोळीबार नाही, बाँब नाही, मेलेले मित्र नाहीत. दिसतं ते नंतरचं: खांदे आत ओढून कमरेवर उलटे ठेवलेले हात, एका बाजूने उघडणारं तोंड, आणि कुणी प्रेमाने वागलं तरी मार बसणार आहे अशा बेताने तयार असलेलं शरीर. ‘त्याला हे का झालं?’ याचं एका ओळीचं उत्तर सिनेमा देत नाही, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. अशी माणसं ज्यांनी घरात पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तो पितो ते नक्की काय असतं?

हाताला लागेल ते. टॉर्पेडोचं इंधन, फोटो धुवायची रसायनं, रंगात घालायचं थिनर. टॉर्पेडोत खरोखरच अल्कोहोल जळायचं आणि खलाशी ते फळांच्या रसात मिसळून प्यायचे, हे इतिहासात नोंदलेलं आहे. गोष्टीत या दारूचं काम मोठं आहे, कारण डॉड आणि फ्रेडी यांची ओळखच तिच्यावरून होते. बोटीवर पहिल्या भेटीत डॉड त्याला धर्म शिकवत नाही, आणखी थोडी बनवशील का, असं विचारतो. लोकांना ताब्यात राहायला शिकवणाऱ्या माणसाला या माणसाच्या बेतालपणाची चटक लागते.

बोटीवरची ती प्रश्नोत्तरं इतकी अंगावर का येतात?

सिनेमातला हा सर्वोत्तम प्रसंग आहे असं मानणारे पुष्कळ, मीही त्यात आलो. एक छोटी खोली, टेबल, रेकॉर्डर, दोघं समोरासमोर. डॉड सुरुवातीला फ्रेडीला स्वतःचं नाव सांगायला लावतो. पुन्हा सांग. पुन्हा. मग प्रश्न: तू विचार न करता बोलतोस का? जुनं अपयश छळतं का? आपण किती क्षुल्लक आहोत असं वारंवार मनात येतं का? फ्रेडी मस्करी करतो, मध्येच पादतो आणि खदखदून हसतो. डॉडही हसतो, त्याला वेडं जनावर म्हणतो आणि रेकॉर्डर बंद करतो. इथवर हा खेळ आहे.

मग फ्रेडी म्हणतो, आणखी विचार. तिथे प्रसंग उलटतो. आता अट अशी की डोळ्यांची उघडझाप करायची नाही. पापणी लवली की पुन्हा पहिल्यापासून. कॅमेरा फ्रेडीच्या चेहऱ्यावर थांबतो तो हलतच नाही. डोळे लाल होतात, पाणी भरतं, मानेच्या शिरा ताठ होतात, आणि बाप, आई, आत्या, मारलेली माणसं, डोरिस नावाची त्याची प्रेयसी असं एकेक बाहेर यायला लागतं. डोरिसकडे परत का गेला नाहीस, हा प्रश्न डॉड इतक्यांदा विचारतो की शेवटी फ्रेडीकडे सबब उरत नाही. मग डॉड त्याला डोळे मिटायला सांगतो. ते मिटलेले डोळे बघून आपल्यालाही सुटल्यासारखं वाटतं.

डॉडची पद्धत इथे काही क्षण खरोखर लागू पडते, हे या प्रसंगाचं बळ आहे. ज्या माणसाचं कुणी कधी ऐकून घेतलं नाही त्याच्यासमोर बसून एक जण पूर्ण लक्ष देतो आणि शेवटी म्हणतो, तुझ्याइतका शूर मुलगा मी पाहिला नाही. एवढ्यावर माणूस जन्मभर बांधला जाऊ शकतो. लोक अशा पंथांत का जातात आणि हुशार लोकही तिथे का टिकतात, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मी सिनेमात पाहिलेलं नाही.

डॉड भोंदू आहे की त्याचा स्वतःवर विश्वास आहे?

दोन्ही, आणि एकाच वेळी. स्वतःची ओळख करून देताना तो लेखक, डॉक्टर, अणुशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ अशी रांग लावतो. न्यूयॉर्कच्या मेजवानीत जॉन मोर नावाचा पाहुणा शांतपणे शंका विचारतो, तेव्हा डॉड आधी गोड बोलतो, मग शब्द अडखळतात, आणि अचानक घाण शिवी हासडतो. खरा विश्वास असलेला माणूस एवढा पिसाळत नाही आणि निव्वळ ठगही इतका दुखावत नाही. फिलिप सीमूर हॉफमनने हा माणूस उबदार केला आहे: गाणारा, नाचणारा, पोट सुटलेला, लोकांना जवळ घेणारा. त्याच्या पाठीशी उभं राहावंसं वाटतं. म्हणून तर तो धोक्याचा.

तुरुंगातला प्रसंग बघा. शेजारशेजारच्या दोन कोठड्या, एकाच चौकटीत. डावीकडे फ्रेडी डोकं आपटतोय, लाथांनी कमोड फोडतोय; उजवीकडे डॉड हात टेकून शांत उभा. मग फ्रेडी ओरडतो की तू सगळं मनाचं रचतोस. डॉडचा तोल जातो आणि दोघं लहान मुलांसारखे एकमेकांवर ओरडतात. डॉडचं शेवटचं अस्त्र काय, तर माझ्याशिवाय तू आवडतोस तरी कुणाला? हे खरंही आहे आणि क्रूरही. सुटल्यावर दोघं अंगणातल्या गवतावर एकमेकांना मिठी मारून लोळतात आणि घरातली मंडळी बघत उभी राहतात.

खरा ‘मास्टर’ पेगी आहे का?

असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. एमी अ‍ॅडम्सने केलेली डॉडची बायको पेगी बहुतेक वेळ मागे बसलेली असते, गरोदर, मऊ आवाजात बोलणारी. पण विरोधकांवर हल्ला करायला हवा, नुसता बचाव करून भागणार नाही, हे ती नवऱ्याला सांगते आणि तो टाइप करत असतो. त्याची दारू तीच बंद करते, त्याच्या बाहेरख्यालीपणाला हद्द तीच घालते, तीही न्हाणीघरात, अगदी व्यवहाराच्या सुरात. फ्रेडीला घरातून काढा, हा आग्रहही तिचाच. मला वाटतं, पंथावर पेगीचा विश्वास डॉडपेक्षा जास्त आहे. डॉडला स्वतःच्या भाषणांची नशा चढते, तिला तशा नशेची गरजच पडत नाही.

सगळ्या बायका अचानक नग्न दिसतात, तो प्रसंग काय आहे?

डॉड खोलीभर लोकांसमोर गातो, नाचतो, आणि एकाएकी सगळ्या बायका विवस्त्र, पुरुष मात्र कपड्यांत. कोपऱ्यात फ्रेडी पेंगुळलेला बसलाय. सरळ अर्थ असा की हे त्याच्या नजरेतून आहे. न्हाणीघरातला प्रसंग लगेच पुढे येतो, त्यामुळे पेगीला नवऱ्याच्या मनातलं दिसलं, असाही अर्थ काही जण काढतात. मी पहिल्याच बाजूचा.

वाळवंटात फ्रेडी मोटरसायकल घेऊन का पळाला?

खेळ असा: लांबचा एक बिंदू निवडायचा, त्याच्याकडे जमेल तेवढ्या वेगात जायचं आणि परत यायचं. डॉड जातो, आरडाओरडा करत खुशीत परत येतो. मग फ्रेडी जातो आणि दुसरीच दिशा धरतो. डॉड हाका मारत राहतो, मग मुलीला आणि जावयाला घेऊन त्या रखरखीत पठारावरून चालत निघतो.

याच्या आधीचे दोन प्रसंग आठवा. बिल नावाचा जुना सहकारी नव्या पुस्तकाबद्दल म्हणतो की हे तीन पानांत मावलं असतं. फ्रेडी त्याला बाहेर नेऊन बडवतो. पण मारताना त्याचा चेहरा बघा; टीका त्यालाही पटलेली आहे. त्याआधी फिलाडेल्फियात त्याला दिवस दिवस भिंतीपासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालायला लावलेल्या असतात: भिंतीला हात लाव, काय वाटतं सांग, काचेला हात लाव, काय वाटतं सांग. इतकं सगळं अंगावर घेऊनही आतलं काही हललं नाही, हे त्याला कळून चुकलेलं असतं. वाळवंटात फक्त वाट मोकळी मिळते. तो थेट मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी डोरिसच्या दारात जातो. तिचं लग्न झालंय, मुलं आहेत. तिची आई हे दारात उभी राहून सांगते आणि फ्रेडी सभ्यपणे ऐकून घेतो. एवढा शांत तो आधी कधीच दिसलेला नसतो.

थिएटरमध्ये डॉडचा फोन खरंच येतो का?

बहुधा नाही. फ्रेडी कार्टून बघता बघता झोपलेला असतो, आणि प्रेक्षागृहातल्या खुर्चीपर्यंत टेलिफोन आणून देणं त्या काळातही कुणी केलं नसतं. पण डॉड फोनवर येताना कूल सिगारेटी आण म्हणतो आणि फ्रेडी त्या घेऊन समुद्र ओलांडून खरोखर जातो. स्वप्न असलं तरी तो त्याच्या हाकेला ओ देतो.

शेवटच्या भेटीत डॉड गाणं का म्हणतो?

कारण बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं. भव्य टेबलाच्या मागे डॉड, समोर हडकुळा झालेला फ्रेडी. पेगी दोन वाक्यांत त्याला निकालात काढते आणि निघून जाते. मग डॉड सांगतो की आपण पूर्वी कुठे भेटलो होतो ते मला सापडलं: 1870-71 च्या हिवाळ्यात, प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता तेव्हा आपण दोघं फुग्यांतून आणि कबुतरांवरून टपाल पाठवायचं काम करत होतो. पॅरिसचा वेढा खरा, फुगे आणि कबुतरंही खरी. हा सगळा इतिहास डॉडने आपल्या प्रेमाला कारण म्हणून उचलला आहे. पूर्वजन्मीचं नातं ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. कुणी अनोळखी माणूस पाहताक्षणी आपला वाटला की आपणही ऋणानुबंध म्हणून मोकळे होतो, म्हणून हा प्रसंग आपल्याकडे पटकन पोचतो.

त्यानंतर तो म्हणतो की कुठल्याही मालकाची सेवा न करता जगायचा मार्ग सापडला तर आम्हालाही कळव, असा माणूस जगात आजवर झालेला नाही. गेलास तर या जन्मी परत भेटू नये. पुढच्या जन्मी भेटलास तर शत्रू म्हणून. आणि मग ‘स्लो बोट टू चायना’ हे चाळीसच्या दशकातलं प्रेमगीत, वाद्यांशिवाय, सावकाश, फ्रेडीच्या डोळ्यांत बघत. फ्रेडीच्या गालावरून पाणी ओघळतं. हे निरोपाचं गाणं आहे आणि ते प्रियकराने म्हणावं तसं म्हटलेलं आहे. याला विनोद समजून हसणारे प्रेक्षक असतात. त्यांनी तो प्रसंग पुन्हा एकदा बघावा.

शेवट सुखाचा की दुःखाचा?

भेटीनंतर फ्रेडी पबमध्ये भेटलेल्या एका बाईबरोबर आहे. तो तिला डॉडचेच प्रश्न विचारतो, नाव पुन्हा पुन्हा सांगायला लावतो, तुझ्याइतकी शूर मुलगी पाहिली नाही म्हणतो. दोघं हसताहेत. सगळ्यात शेवटी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, खलाशांनी सुरुवातीला वाळूची जी बाई बनवलेली असते तिच्याशेजारी पडलेला फ्रेडी.

काहींच्या मते तो बरा झाला, काहींच्या मते तो जिथून निघाला तिथेच आहे. माझं मत पहिल्याकडे झुकतं, पण ‘बरा’ हा शब्द जपून वापरायला हवा. डॉडने जे हत्यार म्हणून वापरलं ते फ्रेडीने खेळ म्हणून वापरलं, आणि समोर पहिल्यांदाच जिवंत, हसणारी, त्याला न घाबरणारी बाई आहे. सिनेमाभर त्याला हे जमलेलं नव्हतं.

फ्रेडी साकारणाऱ्या वाकीन फीनिक्सने ती चाल आणि ते तोंड कसं आणलं?

जबडा एका बाजूला आवळलेला राहावा म्हणून त्याने दंतवैद्याकडून दातांना धातूच्या कड्या बसवून घेतल्या आणि त्या रबरबँडने बांधल्या, असं त्याने सांगितलं आहे. पाठीतला बाक, आत ओढलेली छाती, आखडलेली कोपरं हे त्याने अंगात मुरवलं. ही भूमिका आधी जेरेमी रेनरकडे जाणार होती. आता दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही.

65 एमएमवर का चित्रित केला?

नेहमीच्या 35 एमएमपेक्षा ही फिल्म जवळजवळ दुप्पट रुंद, त्यामुळे बारकावा आणि रंगांची खोली काही और असते. 1996 च्या केनेथ ब्रॅनाच्या ‘हॅम्लेट’नंतर कथापटात ती प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. साधारणपणे अशी फिल्म डोंगर, दऱ्या, सैन्यं दाखवायला घेतात. अँडरसन आणि छायालेखक मिहाई मालाइमारे यांनी ती चेहऱ्यांसाठी घेतली. फ्रेडीच्या कपाळावरची आठी, त्याच्या ओठांवरचा व्रण, डॉडच्या गालावरची लाली ही डोंगरासारखी बघता येते. बोटीमागे घुसळलेलं निळं-पांढरं पाणी सिनेमात पुन्हा पुन्हा येतं, तेही याच फिल्मवर पाहण्यासारखं. ती बोट म्हणजे ‘पोटोमॅक’, एके काळी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या वापरातली. आज ती कॅलिफोर्नियात ओकलंडला आहे. जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा आणि खोलीतले दिवे घालवा.

संगीत कुणाचं?

‘रेडिओहेड’ बँडमधल्या जॉनी ग्रीनवुडचं. त्याची तंतुवाद्यं आणि टकटकणारे आवाज फ्रेडीच्या डोक्यात चालू असल्यासारखे वाटतात, आणि त्यांच्या मध्येच एला फिट्झजेराल्डचा मखमली आवाज येतो.

पुरस्कार मिळाले, मग चालला का नाही?

व्हेनिसच्या 2012 च्या महोत्सवात अँडरसनला दिग्दर्शनाचा रौप्यसिंह आणि फीनिक्स व हॉफमन यांना अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला. सर्वोच्च पुरस्कारही परीक्षकांना यालाच द्यायचा होता, पण एकाच सिनेमाला एवढं सगळं देता येत नाही या नियमामुळे तो किम की-दुकच्या ‘पिएटा’ला गेला, अशा बातम्या तेव्हा आल्या. ऑस्करला फीनिक्स, हॉफमन आणि अ‍ॅडम्स अशी तीन नामांकनं. मिळालं एकही नाही. पटकथा आणि दिग्दर्शनाला नामांकनसुद्धा नव्हतं, हे मला आजही पटत नाही.

अमेरिकेत पहिल्या आठवड्याअखेर फक्त पाच थिएटरांत सात लाख डॉलरांहून जास्त गल्ला झाला, पण पुढे गर्दी ओसरली. सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर खर्चून जगभरात 2 कोटी 80 लाखांच्या आसपास आले. तोंडी प्रसिद्धीवर चालण्याजोगा हा सिनेमा नाही, कारण ‘काय आहे त्यात?’ याचं उत्तर बाहेर पडणाऱ्यालाच देता येत नाही. 2016 च्या बीबीसीच्या समीक्षक पाहणीत एकविसाव्या शतकातल्या शंभर सिनेमांत त्याला 24 वी जागा मिळाली. पैसे घातले होते मेगन एलिसनच्या ‘अन्नपूर्णा पिक्चर्स’ने, नेपाळमधल्या अन्नपूर्णा पर्वतरांगेवरून हे नाव आलं. अशा निर्मात्याशिवाय हा सिनेमा झाला नसता.

आपल्याकडच्या बुवाबाजीशी याचा काही संबंध जोडता येतो का?

थेट नाही; डॉड हा पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेचाच माणूस, मानसशास्त्राची आणि विज्ञानाची भाषा बोलणारा. पण जॉन मोरचा प्रसंग महाराष्ट्रात बसून पाहताना मन थाऱ्यावर राहत नाही. एक माणूस सभ्यपणे प्रश्न विचारतो, गुरू चिडतो, आणि त्याच रात्री शिष्य त्याच्या घरी जाऊन त्याला मारतो. मारायला कुणी सांगितलेलं नसतं, आणि डॉड नंतर फ्रेडीला लटकंच रागावतो. सिनेमा प्रदर्शित झाल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, 20 ऑगस्ट 2013 ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. अठरा वर्षं ज्यासाठी ते झगडले त्या जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला. प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं काय होतं, हे त्या मेजवानीच्या प्रसंगात काही मिनिटांत दिसतं.

पाहिला, पण कंटाळा आला. पुन्हा पाहावा का?

लगेच नको. काही महिने जाऊ द्या, मग फक्त प्रश्नोत्तरांचा आणि तुरुंगाचा प्रसंग पाहा. ते आवडले तर पूर्ण पाहा आणि या वेळी पुढे काय होणार याची वाट न बघता फ्रेडीचं अंग बघत राहा: तो कुणाजवळ सैल होतो, कुणाजवळ आखडतो.

हॉफमनचं आणखी काय पाहावं?

अँडरसनबरोबर त्याने पाच सिनेमे केले: ‘हार्ड एट’, ‘बूगी नाइट्स’, ‘मॅग्नोलिया’, ‘पंच-ड्रंक लव्ह’ आणि हा शेवटचा. 2 फेब्रुवारी 2014 ला तो गेला, वय 46. आधी ‘मॅग्नोलिया’तला मायाळू नर्स पाहा आणि मग डॉड. त्याचा मुलगा कूपर 2021 च्या ‘लिकरिश पिझ्झा’त नायक आहे, दिग्दर्शक अँडरसनच.

घरात मुलांसोबत पाहता येईल का?

नाही. नग्नता, शिव्या, लैंगिक प्रसंग आणि पहिल्या काही मिनिटांतच अवघडून टाकणारे शॉट आहेत; अमेरिकेतही तो ‘आर’ प्रमाणपत्राचा. वेळ साधारण 2 तास 17 मिनिटं, मध्ये थांबवू नका.